पिवळ्या पाटीची गाडी

आमच्या घरात साधी सायकलसुद्धा नव्हती. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथवर होते. पाळी असेल त्या वेळेला नाक्यावर जायचं, सहा माणसं कोंबलेल्या रिक्षात सातवं व्हायचं, आणि कारखान्याच्या गेटवर उतरायचं, हा त्यांचा वाहनयोग. आई उल्हासनगरला नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची. मी, धाकटा भाऊ आणि हे दोघं, असे आम्ही अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. अशा घरातली मुलगी परदेशात भाड्याची गाडी घेऊन घरच्यांना फिरवेल, असं त्या काळी कुणी म्हटलं असतं तर आम्ही पोट धरून हसलो असतो.

ते घडलं ते आईच्या शाळेमागे राहणाऱ्या एका सिंधी बाईमुळे. आम्ही तिला आंटी म्हणायचो. शाळेच्या मागच्या गल्लीत तिचा शिलाईचा कारखाना होता, आणि शाळेचे गणवेश तिच्याकडूनच यायचे. एका वर्षी आईने गणवेशाचं अख्खं गाठोडं परत पाठवलं, कारण सदऱ्यांची बटणं नुसत्या फुंकरीने पडत होती. आंटी भांडायला आली. कमरेला पदर खोचून, शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून तिने आईला खूप सुनावलं. आईने शांतपणे एक सदरा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच घाला आणि बटण लावून दाखवा." बटण आंटीच्या हातात आलं. ती त्याकडे बघून मोठ्याने हसली. "टीचर, चाय पिलाओ," म्हणाली. त्या चहापासून दोघींची मैत्री झाली ती कायमची.

आंटीकडे जुनी फियाट होती. नवऱ्याची नजर कमी झाल्यावर तिने स्वतः चालवायला शिकून घेतलं होतं. कापडाचे तागे मागच्या सीटवर, पुढे आंटी, डोळ्यांवर काळा चष्मा. उल्हासनगर कॅम्पातले रिक्षावाले तिला बघून बाजूला व्हायचे. आदराने की भीतीने, ते मला कधी कळलं नाही. मी कॉलेजात गेले तेव्हा एक दिवस ती आईला म्हणाली, "टीचर, इसको गाड़ी सिखाती हूँ. लड़की के हाथ में कुछ होना चाहिए."

"आमच्याकडे गाडी कुठंय?" आई म्हणाली.

"तो? तैरना सीखते हैं तो घर में नदी होती है क्या?"

आई हसली आणि हो म्हणाली.

एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी आंटीचीही मशिनं बंद. कारखान्यांच्या मधले ते रुंद रस्ते शुक्रवारी सकाळी ओस पडलेले असत. एखाददुसरी म्हैस आणि गेटवर पेंगणारे वॉचमन. हवेत केमिकलचा आंबूस वास तेवढा सुट्टी घेत नसे. तिथे मी गाडी शिकले. आंटी शेजारी बसून एका हाताने हँडब्रेक धरायची आणि दुसऱ्या हाताने गूळ-शेंगदाणे खायची. मी क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडाली की तिच्या हातातले शेंगदाणे उडायचे. "वरी पुट, धीरे!" ती ओरडायची. सिंधीत वरी म्हणजे पुन्हा आणि पुट म्हणजे लेकरू. एकदा बाबांच्याच कारखान्यासमोर मी गाडी बंद पाडली. वॉचमनने बाबांना शनिवारी सांगितलं की तुमच्या पोरीने गेटसमोर फियाट उभी करून रस्ता अडवला होता. बाबा घरी येऊन म्हणाले, "अडवला तर अडवला, पण गाडी सरळ उभी होती म्हणे." एवढंच. पण त्या दिवशी ते खुशीत होते.

लायसन्स मिळालं. पुढे मला एमआयडीसीतल्याच एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. आंटीचे गणवेश कुळगाव-बदलापूरच्या शाळांना पोहोचवायचे असले की सुट्टीच्या दिवशी मी फियाट काढायची. बदलापूरचा रस्ता तेव्हा अर्धा खड्डा आणि अर्धा शेत होता. त्या रस्त्यावर जो गाडी चालवू शकतो तो जगात कुठेही चालवू शकतो, असं आंटीचं मत होतं. ते पुढे तिने खरं करायला लावलं.

भाऊ कापडाचा डिप्लोमा करून मॉरिशसला गेला. तिथल्या एका कापडगिरणीत रंगाईच्या खात्यात त्याला नोकरी मिळाली होती. दोन वर्षांनी एका रविवारी शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला. शेजाऱ्यांच्या घरातले सगळे टीव्हीचा आवाज बारीक करून बसले. भाऊ म्हणाला, एक मुलगी आहे. इथलीच. पण मराठी. तिचे खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात काम करायला आले, ते इथेच राहिले. घरात अजून थोडं थोडं मराठी बोलतात.

बाबांनी फोन घेतला. त्यांनी मुलीचं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. घसा साफ करून ते म्हणाले, "आपण बौद्ध आहोत, हे त्यांना सांगितलंस का?"

"सांगितलं, बाबा."

"मग?"

"तिच्या आजोबांनी विचारलं, घरी मराठी बोलतात ना? म्हटलं, दुसरं काही बोलताच येत नाही. तर म्हणाले, मग झालं."

बाबांनी फोन ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही. त्यांच्या आजोबांच्या काळात गावकुसाबाहेरचं पाणी वेगळं होतं, हे त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेची गोष्टही आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकली होती. लग्नाच्या गोष्टी पुढे काय काय वळणं घेतात ते त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या काकूंनी बाबांना विचारलं, "बातमी चांगली आहे ना?" बाबा म्हणाले, "चांगली. फार चांगली," आणि डोळे पुसत आपल्या घरी निघून गेले. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला आणि आईने सगळ्यांना साखर वाटली.

लग्न मॉरिशसलाच करायचं ठरलं. बाबा, आई आणि मी, तिघं जाणार. आठवडाभर राहायचं, वाड्या-गावांतून पसरलेल्या त्यांच्या नातेवाइकांना भेटायचं. भावाकडे गाडी नव्हती, तो गिरणीच्या बसने जायचा. मुलीकडचे म्हणाले, आम्ही गाडी पाठवू. इथे आई अडली.

"मुलीच्या बापाने लग्नही करायचं आणि आपल्याला खांद्यावर घेऊन फिरायचंही? नाही. त्यांच्या दारात आपण आपल्या पायांनी उतरायचं."

"पायांनी म्हणजे टॅक्सीने," बाबा म्हणाले. "आठवडाभर टॅक्सी ठेवायची तर लग्नाला आहेर करायला काही उरणार नाही."

ही चर्चा आंटीच्या कारखान्यात चालली होती. आंटी कात्रीने खाकी कापड कापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "टॅक्सी क्यों? किराये की गाड़ी लो. चलायेगी ये."

"ही? तिकडे?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी अजून फ्रॉकात होते.

"क्यों, उधर सड़क पे तेल डाला है?" आंटीने कात्री खाली ठेवली. "पर एक बात. गाड़ी सस्ती देखना, लेकिन पहले इन्शुरन्स देखना. मेरी एक चूड़ी एक टापू पे रह गयी है."

ती गोष्ट तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितली. तिचा दीर स्पेनच्या कॅनरी बेटांवर दुकान चालवायचा. त्याच्याकडे गेले असताना या नवरा-बायकोने भाड्याची गाडी घेतली. कागदावर चालवणारा म्हणून नवऱ्याचं नाव, आणि नजरेमुळे चालवत होती आंटी. एका वळणावर गाडी दगडी कुंपणाला घासली. विम्याच्या माणसाने विचारलं, चालवत कोण होतं? आंटी खरं बोलली. तो म्हणाला, मग आमचा काही संबंध नाही. शेवटी हातातली सोन्याची बांगडी काढून द्यावी लागली. "मैंने उस दिन सीखा," आंटी म्हणाली, "इन्शुरन्स है, ऐसा बोलने से इन्शुरन्स नहीं होता."

मग माझी शाळा सुरू झाली. तीन संध्याकाळी कापण्याच्या टेबलापलीकडे आंटी गाडीवाली होऊन बसली आणि मी गिऱ्हाईक. गळ्यात टेप, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तोंडात तिची स्वतःची इंग्रजी. शिलाईवाल्यांनी मशिनं थांबवली. आई बाकावर बसून बघत होती.

"वेलकम मॅडम. व्हेरी गुड कार. फुल इन्शुरन्स."

"फुल म्हणजे काय?" मी मराठीतच विचारलं.

"इंग्लिश! उधर कौन समझेगा?"

"व्हॉट इज फुल?"

"फुल इज फुल, मॅडम. नो टेन्शन."

"ओके," मी म्हणाले.

आंटीने टेबलावर फूटपट्टी आपटली. "गयी तेरी चूड़ी! ओके कैसे बोली? पूछ, गाड़ी ठुकी तो पहले मेरी जेब से कितना जायेगा? पूछ, मेरा नाम लिखा? लिखा तो दिखा! पूछ, दूसरे की गाड़ी को, दूसरे आदमी को लगा तो कौन भरेगा? और जहाँ गाड़ी पे पहले से खरोंच है वहाँ उँगली रखके बोल, ये मेरा नहीं है."

मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा गोड बोलून फसवायला लागली. एकदा तिने मला चहा दिला, माझ्या आईची चौकशी केली, आणि मधेच कागद पुढे सरकवून म्हणाली, साइन हिअर. मी पेन उचललं. काजं करणारे चाचा मशिनवरून ओरडले, "बेटी, मत कर!" सगळा कारखाना हसला. तिसऱ्या संध्याकाळी आंटीने थकून चष्मा काढला. "बस. अब ये लड़की शैतान को भी रुला देगी."

विमानाचा पहिला प्रवास, ढगांवरून आईने खाली पाहिलेलं पाणी, बाबांनी चमचा-काटा बाजूला ठेवून हाताने खाल्लेला भात, ते सगळं वेगळं सांगण्याजोगं आहे. पण आम्ही विमानतळाबाहेर आलो तेव्हा भाऊ धावत आला, आईबाबांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "ताई, गाडीचं काम मी करून ठेवलंय. माझ्याबरोबरच्या एकाची आहे. एकदम स्वस्त. कंपनीकडून घेतली असती तर यापेक्षा बरेच जास्त पडले असते."

गाडी बाहेर उभी होती. निळी, चकाचक. मालक बिचारा चांगला माणूस होता. त्याने आमच्या पिशव्या उचलल्या, किल्ली माझ्या हातात दिली. मी गाडीभोवती फिरले. रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहिल्या. काहींच्या नंबराच्या पाट्या पिवळ्या होत्या, बाकीच्यांच्या काळ्या. हिची काळी.

"पिवळी पाटी कशाची?" मी भावाला विचारलं.

"भाड्याच्या गाड्यांची. पण ते काही नसतं गं. इथे सगळे अशाच घेतात."

मी मालकाला विचारलं, मी चालवली आणि काही झालं तर तुमचा विमा भरून देईल का? तो हसून म्हणाला, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम." मी तोच प्रश्न जरा फिरवून विचारला. तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, पोलिसांनी विचारलं तर सांगा तुम्ही माझ्या पाहुण्या आहात.

मी किल्ली परत दिली.

भावाचा चेहरा पडला. "ताई, तो माझ्या खात्यातला आहे. उद्या तोंड कसं दाखवू? लग्न माझं, आणि आल्या आल्या तू..."

"लग्न तुझं आहे म्हणूनच," मी म्हणाले. "रस्त्यात एखादं पोर आडवं आलं तर? त्याचं कोण भरणार? मी पाहुणी आहे म्हणून सांगू त्याच्या आईला?"

मला वाटलं बाबा त्याची बाजू घेतील. त्यांनी पिशवी उचलली, त्या माणसापाशी गेले, दोन्ही हात जोडून मराठीत म्हणाले, "माफ करा हं. पोरगी कडक आहे." त्याला शब्द कळले नसतील, पण तो हसला आणि आम्हाला भावाच्या खोलीवर सोडून गेला. भाडं घेतलं नाही. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण किल्ली परत दिल्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी बसने समुद्राकाठच्या गावात गेलो. हॉटेलांजवळच्या चकचकीत ऑफिसांतले भाव ऐकून आई दारातूनच परत फिरली. मग भाजीवालीला विचारत विचारत मागच्या रस्त्याला एक गॅरेज सापडलं. बाहेर चार छोट्या गाड्या, चारही पिवळ्या पाटीच्या. आत एक धिप्पाड बाई पंख्यासमोर बसून लिची सोलत होती. ती तिथली आफ्रिकी वंशाची क्रिओल होती, इंग्रजी मोडकं बोलत होती. माझंही तसंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

मी उभ्या उभ्या सगळं विचारलं. बाईने लिची खाली ठेवली. कपाटातून विम्याचा कागद काढून माझ्यासमोर पसरला, आणि जिथे चालवणाऱ्याचं नाव लिहायचं तिथे बोट ठेवलं. गाडी ठोकली तर माझ्या पदरचं किती जाईल तो आकडा दाखवला. तो मोठा होता. मी म्हटलं, हा कमी होतो का? ती म्हणाली, होतो, रोजचे थोडे जास्त दिले तर. मी म्हटलं, जास्त नाही देणार, आठवडाभर घेतेय. ती हसली. मी हसले. मग आम्ही दोघी अडलो.

तेव्हा आईने उल्हासनगरच्या बाजारातला जुना डाव टाकला. तिला इंग्रजी बोलणं कळत नव्हतं, पण दराची घासाघीस चालली आहे एवढं कळत होतं. ती उठली, पर्स काखेत मारली, "चल गं" म्हणाली, आणि मागे न बघता चालायला लागली. रस्त्यापर्यंत गेली. गॅरेजवाली बाई खुर्चीतून ओरडली, "मामा! मामा, कम!" मामा म्हणजे तिच्या भाषेत आई. आई वळली तीच विजयी चेहऱ्याने.

बाईने सांगितलं, भाव तोच ठेवते, पदरचा आकडा निम्मा करते. आणि एक वस्तू फुकट देते: काचा किंवा टायर. साध्या विम्यात दोन्ही येत नाहीत. काय पाहिजे?

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "काच घे. टायर काय, पंक्चर कुठेही काढता येतं."

आम्ही काच घेतली. मग मी गाडीभोवती फिरले आणि प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवून "दिस, नॉट मी" म्हणत गेले. बाई माझ्यामागून कागदावर फुल्या मारत होती. शेवटी तिने विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "माय आंटी. टेलर." हिशेब केला तर त्या निळ्या गाडीपेक्षा थोडेसेच जास्त पडले होते.

आमची गाडी लाल होती, आमच्या घरातल्या मोरीपेक्षा जरा मोठी. गाड्या तिथेही आपल्यासारख्याच डावीकडून चालायच्या, तरी पहिला अर्धा तास मी गोंधळलेली होते. कारण कुणी हॉर्नच वाजवत नव्हतं. मला सारखं वाटे की मागे कुणीच नाही, आणि आरशात बघावं तर मागे रांग. बाबा शेजारी बसले होते. त्यांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता आणि वेगाचा काटा मोठ्याने वाचत होते. "चाळीस... बेचाळीस... अगं, पंचेचाळीस!" मागून आई भावाला म्हणाली, "त्यांना गप्प बसव, नाहीतर पोरगी गाडी समुद्रात घालील." रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि उसापलीकडे निळं पाणी. भाऊ मागे बसला होता. पहिल्या चढावर गाडी न अडखळता वर गेली तेव्हा तो पुढे वाकून म्हणाला, "ताई, तू बरी चालवतेस गं." आमचं भांडण तिथेच मिटलं.

मुलीच्या आजोबांचं घर बेटाच्या दक्षिणेकडे होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण, अंगणात माड. आम्ही उतरलो तेव्हा म्हातारा काठी टेकत पुढे आला. "येवा, येवा. बसा. च्या घेवा," म्हणाला. आईचं माहेर कुळगावचं. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी जशी बोली असते तशीच ही काहीतरी होती. मधेच तिथल्या क्रिओल भाषेतला एखादा शब्द, पण सूर तोच. आई थबकली. मग तिने शाळेतली शुद्ध भाषा गुंडाळून ठेवली आणि माहेरच्या बोलीत त्याला उत्तर दिलं. म्हातारा इतका खूश झाला की त्याने नातीला हाक मारली, "आगो, ह्यांचा बोलणा ऐक, आपल्यावानीच!" होणारी वहिनी लाजत बाहेर आली. बाबा सबंध संध्याकाळ अंग चोरून बसले होते. त्यांना वाटत होतं, आता कुणीतरी तो प्रश्न विचारील. म्हाताऱ्याने प्रश्न विचारला खरा. विचारलं, "तुमच्याकडं पेजेला अजून नाचणी घालतात?" बाबा खुर्चीत मागे टेकून बसले ते त्यानंतर.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी झेंडूच्या माळांनी सजवून मुलीच्या आजोबांच्या घरी पोहोचलो. मी ती अंगणात सावलीला लावली. आत चहा घेत होतो, तर बाहेर असा आवाज झाला की कुणीतरी बार उडवला असं वाटलं. धावत बाहेर आलो. माडावरून नारळ पडला होता, थेट पुढच्या काचेवर. काचेवर कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या रेषा, आणि नारळ बॉनेटवरून घरंगळून अंगणात पडलेला, शाबूत.

वधूचे वडील कपाळाला हात लावून उभे राहिले. मी मनात हिशेब मांडायच्या आधीच म्हातारे आजोबा काठी उंचावून ओरडले, "नारळ फुटला रे, शुभ झालं!"

"आजोबा, नारळ नाही फुटला, काच फुटली," भाऊ म्हणाला.

"कायतरी फुटला ना? झालं!"

आई हसायला लागली. तिने मला हसता हसता एवढंच विचारलं, "काच घेतली होती ना आपण?" आणि मग मलाही हसू आवरेना. बाबांना समजेना की या दोघींना झालंय काय. मी सांगितलं तेव्हा त्यांनी काचेला हात लावून पाहिलं, पुन्हा एकदा विचारलं, "म्हणजे आपल्याला काही नाही?" आणि "नाही" म्हटल्यावर तो नारळ उचलून डोक्याला लावला.

शेजारच्या दुकानातून मी गॅरेजवाल्या बाईला फोन केला. तिला आधी वाटलं मी थट्टा करतेय. तासाभरात ती दुसरी गाडी घेऊन आली, स्वतः चालवत. फुटकी काच पाहिली, वर माडाकडे पाहिलं, आणि विम्याच्या कागदावर लिहायला म्हणून नारळ हातात घेऊन त्याचं वजन करून पाहिलं. मग जायला निघाली, तर आईने तिचा हात धरला. "मामा, ईट," आई म्हणाली. आठवडाभरात तिने शिकलेले हे दोन शब्द. बाई लग्नाला थांबली. तो निळ्या गाडीवाला भला माणूसही आला होता, मुलीकडच्या मावश्यांना घेऊन. त्याच्या गाडीला आठवडाभर साधा ओरखडासुद्धा आला नाही, हेही सांगायला हवं. तो मला गाडीकडे बोट दाखवून चिडवत राहिला आणि मी त्याला जिलेबी वाढत राहिले.

लग्न मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लागलं. आईने पिशवीतून जपून आणलेली बुद्धाची मूर्ती टेबलावर ठेवली, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, आणि मुलीकडच्यांच्या देवाची तसबीरही होती. बाबांनी त्रिशरण म्हटलं. आवाज पहिल्या ओळीला कापला, मग लागला. नंतर मुलीकडच्या भटजींनी अंतरपाट धरला आणि मंगलाष्टकं म्हटली. निम्मे शब्द चुकलेले, चाल मात्र जशीच्या तशी. आजोबा सगळ्यात मोठ्याने "सावधान" म्हणत होते. केळीच्या पानावर जेवताना गॅरेजवाली बाई बाबांच्या शेजारी बसली होती. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बाबा तिला लेथ म्हणजे काय ते पापडावर बोटाने काढून समजावत होते, आणि ती मान डोलवत होती.

गाडी परत द्यायच्या दिवशी आई भाऊ-वहिनीबरोबर बाजारात गेली. मी एकटीच निघणार होते, तेवढ्यात बाबा चप्पल घालून आले. "मी येतो," म्हणाले. आता ते डॅशबोर्ड धरत नव्हते. काच खाली करून हात बाहेर टाकून बसले होते. गॅरेजकडचं वळण आलं तेव्हा म्हणाले, "सरळ जाता येत नाही का? थोडं?"

मी सरळ गेले. किनाऱ्याने रस्ता वळत होता. एका ठिकाणी एक माणूस अननस कापून तिखट-मीठ लावून विकत होता. आम्ही थांबलो. बाबा कठड्यावर बसले, पाय लोंबकळत सोडून, पोरासारखे. बोटांवरून रस ओघळत होता.

"मी आयुष्यभर रिक्षात मधोमध बसलो," ते म्हणाले. "दोन्हीकडे माणसं. बाहेरचं कधी दिसलंच नाही."

त्यांनी अननसाची दुसरी फोड मागितली. समुद्रावरून वारा येत होता, आणि दूर एक होडी होती. ती आपल्याकडेच येते आहे की लांब चालली आहे, यावर आमचा जरा वाद झाला. बाबा म्हणाले, येते आहे. मी म्हटलं, चालली आहे. आम्ही ते ठरेपर्यंत बसून राहिलो, आणि गाडी द्यायला चांगलाच उशीर झाला.